फ्रान्सच्या खेड्यात घर घेताना: आधी पाणी बघा, मग किंमत

क्रोझ जिल्ह्यातल्या त्या घराच्या स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर ओल्या मातीचा वास आला. भिंतीचा पिवळा रंग कमरेपर्यंत पापडासारखा फुगला होता. अंगठ्याने दाबलं तर गिलाव्याचा भुगा खाली पडला आणि बोटांना मिठासारखं पांढरं काहीतरी लागलं. एजंट म्हणाला, "घर बरीच वर्षं बंद होतं, हवा लागली की सुकेल." किंमत ४२,००० युरो. दोन मजले, वर माळा, मागे परसबाग. पुण्यात तेवढ्यात वन बीएचके मिळायची मारामार.

ते घर आम्ही घेतलं, पण लगेच नाही. मधले चार महिने आम्ही कागद वाचण्यात, माळ्यावर चढण्यात आणि लोकांना प्रश्न विचारण्यात घालवले. आम्ही फ्रान्समधल्याच क्लेरमाँ-फेराँ शहरात राहतो, त्यामुळे इथल्या ओळखीतल्या मराठी मंडळींचे आणि आता नाशिक-पुण्याहूनही फोन येतात: फ्रान्सच्या खेड्यात म्हणे गाडीच्या किमतीत घर मिळतं, घेऊ का? प्रत्येकाला फोनवर जे सांगते तेच इथे नीट लिहून ठेवते आहे.

आधी ही घरं स्वस्त का, ते. क्रोझ हा फ्रान्सच्या मधोमधचा पठारी, ग्रॅनाइटचा भाग. एकोणिसाव्या शतकात इथले पुरुष वसंत ऋतू लागला की पॅरिसला गवंडीकामाला जायचे आणि हिवाळ्यात घरी परतायचे. पॅरिसच्या रुंद रस्त्यांकडेच्या दगडी इमारतींवर त्यांचे हात फिरले आहेत. त्यांच्यातलाच एक गवंडी, मार्तँ नादो (१८१५–१८९८), पुढे खासदार झाला. हळूहळू हंगामापुरते जाणारे तिकडेच राहू लागले. एके काळी पावणेतीन लाखांवर असलेली जिल्ह्याची लोकसंख्या आज सव्वा लाखाच्याही आत आहे. कोकणातल्या कुलूपबंद घरांवर आणि मुंबईच्या चाकरमान्यांवर पोसलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं कारण वारसांचं. फ्रान्समध्ये मुलांना वारसाहक्कातून वगळता येत नाही. एक मूल असेल तर मालमत्तेचा निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश हिस्सा कायद्याने मुलांसाठी राखीव असतो. आईवडील गेले की घर सगळ्यांच्या सामायिक मालकीचं होतं, विकायचं तर साधारणपणे सगळ्यांच्या सह्या लागतात. सातबाऱ्यावर चौदा नावं असलेली जमीन ज्याने विकत घ्यायचा प्रयत्न केला आहे त्याला पुढचं कळेलच. एक भाऊ बोर्दोला, एक बहीण कॅनडात, दोघांचं बोलणं बंद, आणि तोवर छपरातून पाणी गळतंय. म्हणून घर बघायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: मालक किती, आणि सगळे विकायला तयार आहेत का?

किंमत रास्त आहे का, हे एजंटच्या बोलण्यावरून ठरवू नका. सरकारचं डीव्हीएफ नावाचं खुलं संकेतस्थळ आहे. गेल्या पाच वर्षांत कुठलं घर प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं ते तिथे नकाशावर दिसतं. आल्सास, मोझेल आणि मायोत सोडून सगळ्या देशाचे आकडे त्यात आहेत. आणि एखाद्या सुंदर घराची किंमत फारच कमी दिसली तर जाहिरातीत 'व्हियाजे' हा शब्द आहे का बघा. त्याचा अर्थ असा, की सुरुवातीला थोडी रक्कम द्यायची आणि मग विकणारी वृद्ध व्यक्ती हयात असेपर्यंत तिला दरमहा पैसे देत राहायचे. बहुतेक वेळा ती व्यक्ती त्याच घरात राहत असते. आर्ल गावच्या झान काल्माँ या बाईंचं घर एका कायदेतज्ज्ञाने १९६५ मध्ये असंच घेतलं, तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या. ते गृहस्थ १९९५ मध्ये वारले. बाई १९९७ पर्यंत, वयाच्या १२२ व्या वर्षापर्यंत जगल्या.

आता मुख्य मुद्दा. जुनं दगडी घर बिघडतं ते पाण्यामुळे, आणि बजेट बुडतं तेही पाण्यामुळे. वरून येणारं पाणी, भिंतीत चढणारं पाणी आणि घरातून बाहेर जाणारं पाणी. या तिन्हींचा हिशेब लागला की बाकीचं घर हळूहळू करता येतं.

वरचं पाणी म्हणजे छप्पर. घर बघायला शक्यतो पावसाच्या दिवशी जा, टॉर्च आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन. माळ्यावर चढा. वाशांवर काळे ओघळ आहेत का बघा. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, कारण लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. टोक लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर ती तुळई बदलावी लागणार. लाकडाला भोकं असली म्हणून घाबरू नका, शंभर वर्षांच्या घरात ती असायचीच. त्या भोकांखाली ताजा, फिकट भुसा पडलेला असेल तर मात्र कीड अजून जिवंत आहे. ब्रिटनी आणि नॉर्मंडीच्या दमट हवेत 'मेर्यूल' नावाची एक बुरशीही लाकूड आतून खाते. ती असलेल्या घराच्या वाटेला नवख्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. छप्पर पूर्ण बदलायचं तर लहानशा घरालाही वीस-तीस हजार युरो सहज लागतात, आणि ते काम सगळ्यात आधी करायचं असतं. वर गळत असताना खाली स्वयंपाकघर सजवण्यात अर्थ नाही.

भिंतीतल्या पाण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. या घरांच्या भिंती पन्नास-साठ सेंटीमीटर जाड असतात. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला दगड, मध्ये लहान दगड आणि चिकणमातीची भर, सांधे चुन्याचे किंवा मातीचे. पायाखाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत वर चढायचीच, हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. ती चुन्याच्या सांध्यांतून बाहेर उडून जायची आणि भिंत कोरडी राहायची. मग विसाव्या शतकात सिमेंट आलं. लोकांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, आतूनही केला, जमिनीवर काँक्रीट ओतलं. ओल यायची थांबली नाही, फक्त तिची जायची वाट बंद झाली. मग ती भिंतीत आणखी वर चढते, सोबत जमिनीतले क्षार नेते आणि जिथे फट सापडेल तिथे बाहेर पडते. त्या स्वयंपाकघरात माझ्या बोटांना लागलं ते हेच.

आमच्या शेजारी एक निवृत्त गवंडी राहतात, ऐंशीच्या घरातले. घर घ्यायच्या आधी त्यांना हाताला धरून आत नेलं. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने चार ठिकाणी ठोकलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "मादाम, भर उन्हात रेनकोट घालून चालल्यावर तुमचं काय होईल? हिचं तेच झालंय. आधी रेनकोट काढा. मग वाट बघा. घाई केलीत तर पैसे दोनदा द्याल."

म्हणजे काय करायचं? सिमेंट छिन्नीने काढायचं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली असेल तर ती उतरवायची, भिंतीपासून थोडी दूर चर खणून पाणी बाजूला न्यायचं, पन्हळी नीट करायच्या. मग भिंत निदान एक उन्हाळा तशीच उघडी ठेवायची. त्यानंतर चुन्याने सांधे भरायचे आणि चुन्याचाच गिलावा करायचा, तोही हिवाळ्यात नाही, कारण ओल्या चुन्याला हिमबाधा झाली तर तो सुटतो. थंडीसाठी आतून अस्तर करायचं तर चुना-भांगेच्या काड्यांचं मिश्रण किंवा लाकडाच्या तंतूंचे तक्ते वापरतात. प्लॅस्टिकचा फोम लावला की पुन्हा रेनकोट. मला हे ऐकताना गडावरची चुन्याची घाणी आठवली. दगडी चाक, गोल चर, बैल. आपले वाडेही चुन्यात बांधलेले आहेत, आणि त्यांच्यावर सिमेंट थापून आपणही तीच चूक करतो आहोत.

तिसरं, बाहेर जाणारं पाणी. फ्रान्सच्या खेड्यात घराला सार्वजनिक गटाराची जोडणी असेलच असं नाही. जवळपास ५० लाख घरांचं सांडपाणी त्यांच्या स्वतःच्या आवारात जिरतं. या व्यवस्थेवर स्पाँक नावाच्या स्थानिक विभागाची देखरेख असते. विकणाऱ्याला स्पाँकचा तीन वर्षांच्या आतला अहवाल द्यावाच लागतो. व्यवस्था नियमात बसत नसेल तर खरेदीनंतर एका वर्षात ती सुधारायची जबाबदारी नव्या मालकावर येते. मातीची तपासणी, नवी टाकी, पाणी जिरवायची जागा असा सगळा खर्च साधारण आठ ते पंधरा हजार युरोंत जातो. ४२,००० च्या घरात हा आकडा लहान नाही, म्हणून तो हातात धरूनच भाव करा. आम्ही तेच केलं आणि किंमत ३६,००० वर आली. एक सावधगिरी: गावाच्या मधल्या घरांना कधीकधी अंगणच नसतं, मग टाकी घालणार कुठे? जागा कमी असेल तर बंदिस्त फिल्टर बसवता येतो. त्यातल्या एका प्रकारात नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेले असतात. क्रोझच्या ग्रॅनाइटमध्ये सोडण उतरताना पाहून माझ्या सावंतवाडीच्या सासूबाईंना जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

आता कागद. फ्रान्समध्ये घराची खरेदी नोतेरसमोर होते. नोतेर हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ अधिकारी. तो मालकी तपासतो, घरावर कर्ज आहे का बघतो, कर गोळा करून सरकारला भरतो. तो कोणाच्याच बाजूचा नसतो. तुम्ही स्वतःचा वेगळा नोतेर घेऊ शकता आणि त्याने खर्च वाढत नाही, दोघे ठरलेली फी वाटून घेतात. फ्रेंच नीट येत नसेल तर सहीच्या वेळी दुभाष्या हवाच. जुन्या घरावर हा सगळा खर्च किमतीच्या सात-आठ टक्के येतो. त्यातला मोठा भाग कर असतो, नोतेरच्या खिशात थोडंच जातं. घर फार स्वस्त असेल तर टक्केवारी वाढते: ४०,००० च्या घराला दहा टक्क्यांच्या आसपास धरून चला.

आधी 'काँप्रोमी' होतो, म्हणजे आपल्याकडचा साठेखत म्हणा. यात पाच ते दहा टक्के रक्कम ठेवावी लागते. सही झाल्यावर खरेदीदाराला दहा दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि पैसे परत मिळतात. अकराव्या दिवसापासून मात्र तुम्ही बांधलेले. म्हणून ज्या गोष्टींवर खरेदी अवलंबून आहे त्या अटी काँप्रोमीत लिहून घ्या: कर्ज मंजूर झालं तरच, गोठ्याचं घर करायची परवानगी मिळाली तरच. तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही. पक्की खरेदी साधारण दोन-तीन महिन्यांनी होते. घराला शेतजमीन असेल तर साफेर नावाच्या संस्थेला कळवावं लागतं. १९६० च्या कायद्याने आलेल्या या संस्थेला शेतजमीन आधी विकत घ्यायचा हक्क आहे आणि उत्तर द्यायला दोन महिने असतात. बहुतेक वेळा ती जमीन घ्यायला नाही म्हणते, पण थांबावं लागतं.

विकणाऱ्याने तपासण्यांचा एक जाडजूड गठ्ठा द्यायचा असतो. १९४९ पूर्वीच्या घरात रंगातलं शिसं, जुलै १९९७ पूर्वी परवानगी मिळालेल्या घरात ॲस्बेस्टॉस, पंधरा वर्षांहून जुनी वीज आणि गॅसची जोडणी, काही भागांत वाळवी, आणि ए ते जी अशी ऊर्जेची श्रेणी. श्रेणी ई, एफ किंवा जी असेल तर वेगळा ऊर्जा-अहवालही लागतो. घर भाड्याने द्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा, कारण जी श्रेणीचं घर २०२५ पासून नव्याने राहायला भाड्याने देता येत नाही, आणि २०२८ पासून एफचीही तीच गत होणार आहे.

पण एवढ्या गठ्ठ्यात छपराबद्दल, तुळयांबद्दल किंवा भिंतीतल्या भेगांबद्दल एक ओळही नसते. नोतेर बघत नाही, तपासणीवाला बघत नाही, एजंट तर नाहीच. इंग्लंडमध्ये घर घेताना तपासनीस नेमायची जशी रूढ पद्धत आहे तशी इथे नाही. म्हणून स्वतःच्या खर्चाने एखादा गवंडी, आर्किटेक्ट किंवा बांधकामतज्ज्ञ सोबत न्या. काही शे युरो जातील. त्याने "नको" म्हटलं तर ते तुमच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे समजा. सोबत सरकारच्या जेओरिस्क संकेतस्थळावर पत्ता टाका. पुराचा धोका, दुष्काळात आकसून घरं तडकवणारी चिकणमाती आणि ग्रॅनाइटच्या भागात जमिनीतून येणारा रेडॉन वायू, सगळं तिथे दिसतं.

हद्दीचंही तसंच. कादास्त्र हा जमिनीचा नकाशा करआकारणीसाठी असतो, त्यावरची रेघ म्हणजे कायदेशीर हद्द नव्हे. ती पक्की करायची तर परवानाधारक मोजणीदाराकडून खुणेचे दगड रोवून घ्यावे लागतात. आमच्या परसातली विहीर नकाशावर चक्क शेजाऱ्याच्या गटात निघाली. दोन्ही घरं वर्षानुवर्षं तिचं पाणी वापरत होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. आम्ही पाणी घ्यायचा हक्क खरेदीखतात लिहून घेतला. खरेदीखतातले गट क्रमांक एकेक करून नकाशावर बोट ठेवून मोजा. घराकडे जाणारी वाट कोणाची, हेही विचारा.

दुरुस्तीच्या परवानग्यांसाठी गावच्या मेरीत, म्हणजे ग्रामपंचायतीत जा. खिडक्या, छप्पर, बाहेरचा रंग बदलायचा किंवा छोटी वाढ करायची तर आगाऊ सूचना द्यावी लागते आणि उत्तराला एक महिना लागतो. मोठी वाढ किंवा गोठ्याचं घर करताना बाहेरचं रूप बदललं तर पूर्ण परवाना लागतो, त्याला दोन महिने. कामानंतरचं क्षेत्र १५० चौरस मीटरच्या वर जात असेल तर आर्किटेक्ट सक्तीचा. जवळ, ५०० मीटरच्या आत, संरक्षित वास्तू असेल, अगदी छोटं चर्चसुद्धा, तर वारसा खात्याच्या आर्किटेक्टचं मत घ्यावं लागतं आणि तो खिडकीच्या झडपांचा रंगही ठरवू शकतो. शेतीच्या पट्ट्यातला गोठा बघून स्वप्नं रंगवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की काँप्रोमीच्या आधी 'सर्तिफिका द्युर्बानिझम'च्या दुसऱ्या, सविस्तर प्रकारासाठी अर्ज करा. तुमच्या मनातलं काम त्या जागेवर होऊ शकतं का, हे त्यात लेखी कळतं.

कारागीर नेमताना एकच कागद आधी मागा: देसेनाल विम्याचं प्रमाणपत्र. १९७८ च्या कायद्याप्रमाणे बांधकामातल्या गंभीर दोषांची जबाबदारी कारागिरावर दहा वर्षं असते आणि हा विमा त्यासाठीच. तुमच्या कामाचा प्रकार त्यात लिहिलेला आहे का आणि मुदत चालू आहे का, दोन्ही बघा. आमच्याकडे आलेल्या पहिल्या छपरवाल्याच्या प्रमाणपत्राची मुदत आदल्याच वर्षी संपली होती. माणूस गोड होता, भाव कमी होता, पण आम्ही नाही म्हणालो. दर लेखी घ्या, निदान तिघांकडून. सही केलेला दरपत्रक हाच करार. तीस टक्क्यांहून जास्त आगाऊ मागणाऱ्यापासून जपून राहा. चांगले कारागीर महिनोन्‌महिने आधीच बांधलेले असतात, त्यामुळे खरेदीच्या आधीपासून फोन सुरू करा. दोन वर्षांहून जुन्या घराच्या दुरुस्तीवर २० ऐवजी १० टक्के कर लागतो, ऊर्जाबचतीच्या बऱ्याच कामांवर साडेपाच. पण सामान तुम्ही स्वतः दुकानातून आणलंत तर त्यावर पूर्ण २० टक्के.

सरकारी अनुदानाच्या गोष्टी ऐकून गणित मांडू नका. 'मा प्रीम रेनोव्ह' हे अनुदान मुख्य राहत्या घरासाठी आहे, म्हणजे वर्षाचे निदान आठ महिने तिथे कोणीतरी राहायला हवं. अर्ज काम सुरू करायच्या आधी करायचा आणि कारागीर मान्यताप्राप्त हवा. नियमही वारंवार बदलतात. सुट्टीच्या घराला ते मिळत नाही. उलट त्यावर राहत्या घरांना २०२३ पासून माफ झालेला 'ताक्स दाबितासियों' हा निवासी कर अजून भरावा लागतो, आणि मालमत्ता कर वेगळा.

भारतातून पैसे पाठवून घर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. परदेशात पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापते. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकते. ते घर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: घर घेतलं म्हणून फ्रान्समध्ये राहायचा हक्क मिळत नाही. साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्याहून जास्त राहायचं तर लांब मुदतीचा व्हिसा वेगळा मागावा लागतो. आणि खरेदीखतात कोणाची नावं कशी घालायची, हे नोतेरला वारसाहक्काच्या संदर्भात सहीपूर्वी विचारा. मुलं असतील तर नक्की विचारा.

आम्ही स्वयंपाकघरातलं सिमेंट दोन वर्षांपूर्वी काढलं. शेजारच्या गवंडी आजोबांनी सांगितल्याप्रमाणे भिंतीवर जिथवर ओल आहे तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. पहिली रेघ जमिनीपासून एकशे दहा सेंटीमीटरवर आहे. त्याखाली पंच्याऐंशी, मग बहात्तर. या एप्रिलमध्ये अठ्ठेचाळीसवर मारली. आजोबा येऊन गेले, दगडाला तळहात लावून उभे राहिले आणि म्हणाले, जूनमध्ये चुना भिजवा.